त्रेचाळीस मुद्द्यांचा तक्ता

"हिचं सीट खाली आहे," मामा म्हणाले.

मी तक्त्यावरून मान वर केली. "कुठलीचं?"

"मधलीचं. बसताना गुडघ्यात मोडावं लागतंय माणसाला. उतरताना तर विचारूच नका."

मी पेनचं टोपण काढलं आणि तक्त्याच्या तळाशी नवी ओळ आखली. मुद्दा क्रमांक एक्केचाळीस : चालकाच्या आसनाची जमिनीपासून उंची. पुढचे तीन रकाने रिकामे ठेवले. शोरूममध्ये जाऊन मोजावं लागणार होतं. मोजपट्टी मी पुण्याहून आणलीच होती.

ही २००८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मामा म्हणजे माझे सासरे, बाजीराव शिंगटे. एसटीत बत्तीस वर्षं नोकरी, ड्रायव्हर म्हणून लागलेले. मार्चअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि त्याआधी सांगलीच्या घरासमोर नवी कोरी गाडी उभी राहिली पाहिजे असं माझ्या मेहुण्यानं, विश्वजितनं ठरवलं होतं. गाडी लहान हवी होती, कारण गल्ली लहान होती. पेट्रोल बेतानं पिणारी हवी होती, कारण विश्वजितचं मोबाईलचं दुकान नुकतंच बाळसं धरत होतं. चालवणार कोण, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता. घरात हक्काचा ड्रायव्हर होता. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचं पदक त्याच्या नावावर होतं आणि ते टीव्हीच्या वर, काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं.

गाडी कुठली घ्यायची हे ठरवण्याचं काम मात्र ड्रायव्हरकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. का, तर मी पुण्याचा जावई. चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो; दहा जणांची कोटेशनं शेजारी शेजारी मांडून त्यातलं साहेबाच्या मनातलं कसं सर्वांत योग्य आहे, हे आकड्यांनी सिद्ध करणं हे माझं काम. शिवाय मी गाड्यांची दोन मासिकं वाचायचो. 'टॉर्क' हा शब्द मी भाकरी मोडतामोडता सहज वापरू शकत असे. शिंगट्यांच्या घरात एवढं पुरेसं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरेसं होतं.

निवडीत तीन गाड्या उरल्या होत्या. पिकोला, झुमा आणि रिव्हेल. लांबून पाहिल्या तर तिन्ही एकाच आईच्या वाटायच्या. चेहरा तोच, पाठ तीच, चाकंही तेवढीच. त्यांच्यात फरक शोधून काढणं हेच तर माझं कसब. दिवाळीत मी तक्ता पहिल्यांदा मांडला तेव्हा सतरा मुद्दे होते. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण, त्याला वजन, मग सरासरी. एकूण निकाल : पिकोला ७.४३, झुमा ७.४१, रिव्हेल ७.३९. हा निकाल मी जेवणानंतर सगळ्यांना वाचून दाखवला तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, पदरानं हात पुसत विचारलं होतं, "म्हणजे तिन्ही सारख्याच की हो?" मी त्यांना दोन शतांशांचं महत्त्व समजावून सांगायला अर्धा तास घेतला.

त्यानंतर गाडी आली असती, पण मामा अडले. प्रत्येक वेळी त्यांना नवं काहीतरी खुपायचं. दिवाळीत ते म्हणाले, पिकोलाचा हॉर्न पिपाणीसारखा वाजतोय. डिसेंबरात म्हणाले, मागची काच लहान आहे, रिव्हर्स घेताना काय दिसणार. संक्रांतीला त्यांना कुणीतरी सांगितलं की उन्हाळ्यात आणखी एक नवी गाडी येणार आहे, तेव्हा घाई कशाला. तिन्ही गाड्यांमध्ये आमचं बसून झालं होतं, दारं उघडून-मिटून झाली होती, डिक्कीत सुटकेस घालून झाली होती. चालवून मात्र एकही पाहिली नव्हती, कारण नेमकी त्याच दिवशी मामांना ड्युटी लागायची.

विश्वजित वैतागायचा. मी नाही. मला आनंदच व्हायचा. मामांच्या प्रत्येक शंकेला मी तक्त्यात ओळ देत होतो, आणि मनात म्हणत होतो, चला, या घरात आपल्या तोडीचं चिकित्सक माणूस एक तरी आहे.

"दाजी, आज तक्ता बास," त्या रविवारी सकाळी विश्वजित म्हणाला. "आबांना आज सुट्टी आहे, मी डेपोत फोन करून खात्री केलीय."

मामांनी कपबशी खाली ठेवली. "डेपोत फोन? कुणी उचलला?"

"कुणी का उचलेना. सुट्टी आहे म्हणाले. आज पिकोला चालवून बघायची आणि बुक करायची. आई आणि ताई बारा वाजता पेढे घेऊन तिथंच येणार आहेत."

"आणि बेचाळिसावा मुद्दा?" मामा माझ्याकडं बघून म्हणाले. "जावईबापू, गाडी थांबवली की हँडब्रेक कुठं येतोय, हे नाही बघितलं आपण."

"बघू की," मी खूश होऊन म्हणालो, आणि लिहून घेतलं.

*

शोरूममध्ये एसी इतका होता की सांगलीतल्या माणसाला स्वेटरची आठवण व्हावी. आमच्या वाट्याला मगदूम मॅडम आल्या. वय असेल तेवीस, गळ्यात टाय, ओठांवर कंपनीनं शिकवलेलं हसू. मला त्या 'सर' म्हणाल्या, विश्वजितलाही 'सर' म्हणाल्या, आणि मामांना 'अंकल' म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर तक्ता उलगडला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची बाजूही वाचली, आणि म्हणाल्या, "सर, आमच्या कंपनीकडंसुद्धा एवढी माहिती नाहीये." मी ती स्तुती समजलो.

"टेस्ट ड्राइव्ह कोण घेणार?" त्यांनी विचारलं. "लायसन्सची झेरॉक्स लागेल."

"आबा," विश्वजित म्हणाला.

मामांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला, तिथं थोडा वेळ थांबला आणि रिकामा परत आला. "घरी राहिलं."

"घरी? आबा, तुम्ही अंघोळीला जाताना लायसन्स बाहेर काढून ठेवता!"

"राहिलं म्हणतोय ना."

विश्वजितकडं फक्त दुचाकीचं होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या, आणि मी पाकिटातून माझं लायसन्स काढून मगदूम मॅडमच्या हातावर ठेवलं. अगदी हळू, दोन बोटांनी.

त्या लायसन्सविषयी इथंच सांगून टाकतो. ते मला पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकानं मिळवून दिलं होतं. परीक्षेच्या दिवशी मी मैदानात एक गोल फेरी मारली. गाडीला शेजारच्या सीटसमोरही ब्रेक आणि क्लच होते आणि त्यांवर मालकाचे पाय होते. मी फक्त स्टिअरिंग धरून बसलो होतो, तेही त्यानं एका हातानं धरलेलं होतं. त्यानंतर तीन वर्षांत मी गाडीविषयी खूप वाचलं होतं. चालवली नव्हती.

मगदूम मॅडम माझ्या शेजारी बसल्या, मागं मामा आणि विश्वजित. रविवार असल्यानं कुपवाडच्या एमआयडीसीतला रस्ता मोकळा असेल, असं म्हणून मॅडमनी स्वतःच गाडी तिथवर नेली आणि मग आम्ही जागा बदलल्या. चार वेळा गाडी जागच्या जागी आचके देऊन बंद पडली.

"क्लच फार वर सुटतो हिचा," मी म्हणालो. "सहा गुण."

"दाजी, रिव्हेलचा कुठं सुटतो?" मागून विश्वजितनं विचारलं.

"मासिकात चांगला म्हटलाय."

पाचव्या वेळी गाडी निघाली. पहिल्या गिअरमध्ये ती जी ओरडत निघाली ती पहिल्यातच राहिली. मी मात्र बोलत होतो. स्टिअरिंग हलकं आहे, आवाज थोडा आत येतो, सस्पेन्शन मऊ. मागून मामा एकदा हळूच म्हणाले, "दुसरा टाका आता." मी ऐकलं नाही असं केलं. जावयाला मागच्या सीटवरून शिकवलेलं कसं चालेल?

एका कारखान्याच्या कुंपणाला वळसा घेऊन रस्ता उजवीकडं वळत होता. वळलो आणि समोर कलिंगडाची हातगाडी. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं मला वाटलं. गाडीनं गर्जना केली आणि हातगाडी झपाट्यानं मोठी होऊ लागली.

"पाय काढा!" मागून आवाज आला. असा आवाज मी मामांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. तो ऐकून माझे दोन्ही पाय वर उचलले गेले. त्याच क्षणी दोन सीटांच्या मधून एक जाड, केसाळ हात पुढं आला, त्यानं हँडब्रेक खेचला, आणि पिकोला फरफटत, थरथरत, बंद पडत थांबली. गाडीचं नाक आणि पहिलं कलिंगड यांच्यात वीतभर अंतर असेल.

कलिंगडवाला खाली वाकून काचेतून माझ्याकडं बघत होता. "ओ साहेब," तो म्हणाला, "घ्यायचं होतं तर हाक मारायची की!"

मगदूम मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण शिकवलेलं कुणी असं विसरत नाही. त्यांनी विचारलं, "सर, ब्रेकिंग कसं वाटलं?"

विश्वजित हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग दार उघडून बाहेर पडून, गाडीच्या टपावर हात आपटत. "दाजी, एक्केचाळीस मुद्दे! आणि ब्रेक कुठला ते एकातही लिहिलं नाही?"

"बेचाळीस," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.

हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत तो म्हणाला, "आबा, बसा आता तुम्ही. ह्यांना दाखवा गाडी कशी चालवतात ते. लायसन्सचं काय नाही, मॅडम, एवढ्या रस्त्यानं कोण बघतंय?"

मॅडम कचरल्या, पण माझ्यानंतर त्यांना कुणीही चाललं असतं. "चालेल अंकल, थोडंसंच."

मामा गाडीतून उतरले. ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दारावर हात ठेवला, आणि तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, जरा पाय मोकळे करू या. तुम्हाला धक्का बसलाय." आणि माझा दंड धरून मला रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली घेऊन गेले. विश्वजित कलिंगडवाल्याला झाला प्रकार पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

मला शरम वाटत होती आणि ती झाकायला मी काहीतरी बोललो. "मामा, तुमची नजर मात्र मानली. मागं बसून हातगाडी दिसली तुम्हाला."

"कसली हातगाडी?" मामा म्हणाले.

मला वाटलं ते चेष्टा करताहेत. त्यांचा चेहरा तसा नव्हता.

"इंजिनाच्या आवाजावरून कळलं," ते म्हणाले. "पाय चुकला की आवाज वेगळा येतो. समोर काय होतं ते मला नाही दिसलं, जावईबापू. मला चार वर्षं झाली, समोरचं दिसत नाही."

शुगरमुळं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. बघितलं की मधोमध कुणी अंगठा धरल्यासारखं व्हायचं. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं नाही. वर्षाच्या तपासणीत डॉक्टरनं स्टिअरिंगवरून उतरवलं. हलकं काम दिलं, डेपोत, टायर सेक्शनला. मामांनी साहेबांच्या हातापाया पडून सांगली सोडून कवठेमहांकाळला बदली मागून घेतली, म्हणजे ओळखीचं कुणी बघायला नको. रोज सकाळी खाकी चढवून, बिल्ला लावून घरातून निघायचं, प्रवासी म्हणून एसटीत बसायचं आणि दिवसभर टायर मोजायचे.

"पण तुम्ही तर परवा सांगत होतात, खंबाटकीला दोन तास अडकलो म्हणून," मी म्हणालो.

"गाडी डेपोत आली की ड्रायव्हरला विचारून घेतो, रस्ता कसा होता. तेच घरी येऊन सांगायचं." ते हसले. "कधीकधी दोघांचं एकत्र करतो. ते जास्त रंगतं."

चार महिने माझ्या तक्त्यात वाढत गेलेल्या ओळी माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. हॉर्न, काच, सीटची उंची. ते गाड्यांत खोट काढत नव्हते. दिवस काढत होते.

"मला महिना हवाय फक्त," मामा म्हणाले. "एकतीस मार्चला डेपोत शाल-नारळ देतील. त्या दिवशी सगळ्यांना तिथंच बोलावतो आणि टायर सेक्शनमध्ये उभं करून माझ्या तोंडानं सांगतो. लपवलं मी, तर सांगायचंही मीच. कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर मग ती चोरी होते, नाही का? तुमचं विश्वजित ऐकतो. आज तेवढी ही गाडी नापास करा. तक्त्यात काहीतरी घाला."

"घालतो," मी म्हणालो.

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्या तळव्यांना मी लग्नात कन्यादानाच्या वेळी स्पर्श केला होता, पण ते इतके खरखरीत आहेत हे तेव्हा जाणवलं नव्हतं.

*

मामांचं पोट दुखतंय असं विश्वजितला सांगितलं, आणि मगदूम मॅडमनी आम्हाला शोरूमला परत आणलं. मामी आणि माझी बायको शर्मिला सोफ्यावर बसल्या होत्या. मामींच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स होता. पलीकडं एका कुटुंबाला नव्या गाडीची किल्ली देण्याचा समारंभ चालू होता.

मी शब्द पाळायला सुरुवात केली. तक्ता काढला, त्रेचाळिसावी ओळ आखली आणि गंभीरपणे म्हणालो, "पिकोला नको. आपत्कालीन स्थितीत पेडलची रचना चालकाला गोंधळात टाकणारी आहे. मोठी त्रुटी."

शांतता पसरली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी विश्वजित सोफ्याच्या हातावर कोसळला. "ताई, ऐकलंस? पेडलची रचना!" आणि तो उठून उभा राहिला, एका काल्पनिक स्टिअरिंगला मिठी मारली, आणि माझी नक्कल करू लागला. क्लच सहा गुण. सस्पेन्शन मऊ. आणि मग डोळे विस्फारून, पाय हवेत. कलिंगडवाल्याचं वाक्यही त्यानं त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं. शेजारच्या टेबलांवरचे विक्रेते हसले. वॉशरूमकडं निघालेला मॅनेजर थांबून हसला. मगदूम मॅडम फाईल तोंडासमोर धरून हसल्या. मामी हसल्या नाहीत, पण शर्मिला हसली. लग्नाला दीड वर्ष झालेली माझी बायको, जिला मी टॉर्क म्हणजे काय हे दोनदा समजावून सांगितलं होतं, ती हसता हसता माझ्याकडं बघत होती आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

"बघू, लायसन्स बघू," विश्वजितनं टेबलावरचं माझं लायसन्स उचललं आणि मॅनेजरला दाखवलं. "साहेब, हे खरं आहे का बघा हो जरा. दाजी, कुठल्या दुकानातून आणलं? वर दुसरं फुकट होतं का?"

"विश्वजित, पुरे," मामा म्हणाले.

तेवढ्यावर ते मिटलं असतं. मामा माझ्या बाजूनं बोलले होते. पण मला ते कळलं नाही. मला फक्त हसणारी तोंडं दिसत होती.

"माझ्याकडं निदान आहे तरी!" मी ओरडलो. "तुझ्या आबांना विचार त्यांचं कुठं आहे. घरी राहिलं म्हणे! चार वर्षं झाली गाडी सोडून. कवठ्याच्या डेपोत टायर मोजतात ते! दिसत नाही त्यांना, समोर हत्ती उभा केला तरी दिसत नाही! आणि तुम्ही त्यांच्यासाठी गाडी घेताय!"

पलीकडच्या कुटुंबानं त्याच वेळी किल्ली घेतली असावी. सगळ्या स्टाफनं टाळ्या वाजवल्या. शोरूमभर टाळ्या, आणि आमच्या सोफ्यापाशी कुणी पापणी हलवत नव्हतं.

विश्वजितच्या हातात अजून माझं लायसन्स होतं. "आबा?" तो म्हणाला.

मामांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कुणाकडंच पाहिलं नाही. ते मगदूम मॅडमना म्हणाले, "पोरी, पाणी मिळेल का प्यायला?" मॅडम पळतच गेल्या.

मग मामी उठल्या. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी सोफ्यावर ठेवला, मामांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करू लागल्या. कॉलर नीटच होती.

"तुला काही सांगायचं राहिलं होतं," मामा खालच्या आवाजात म्हणाले.

"राहू द्या," मामी म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

"कसं?"

"अट्ठावीस वर्षं तुमचे कपडे धुतेय. डिझेलचा वास यायचा. चार वर्षांमागं तो यायचा बंद झाला, रबराचा यायला लागला." त्या थांबल्या. "मी म्हटलं, सांगतील त्यांना वाटेल तेव्हा. घाई काय आहे?"

मामांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे एकदा हलले. विश्वजित त्यांच्या पायाशी, शोरूमच्या चकचकीत फरशीवर बसला आणि म्हणाला, "आबा, मला गाडी नकोय हो. कुणी मागितली होती गाडी?" शर्मिला वडिलांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. चौघांचं मिळून तिथं एक काहीतरी झालं होतं, आणि मी तक्ता हातात धरून त्याच्या बाहेर उभा होतो. मामींनी चार वर्षं सांभाळलेली गोष्ट माझ्याकडं चाळीस मिनिटं होती.

मगदूम मॅडम पाणी घेऊन आल्या. मामा ते प्यायले, त्यांनी ग्लास परत दिला आणि म्हणाले, "फार गार आहे. छान आहे."

*

एकतीस मार्चला आम्ही सगळे कवठेमहांकाळला गेलो. मामांना शाल-नारळ मिळाला. टायर सेक्शनचे लोक त्यांना 'उस्ताद' म्हणत होते. एकानं सांगितलं की नवा ड्रायव्हर गाडी घेऊन फाटकातून आत आला की उस्ताद डोळे मिटून ऐकायचे आणि त्याच्या ब्रेकला घासून किती लायनर उरलंय ते सांगायचे. मामांनी प्रत्येकाची ओळख करून दिली. सांगण्यासारखं मात्र त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं, ते आम्हाला आधीच माहीत झालेलं होतं. त्यांनी टायर दाखवले. आम्ही बघितले. माझी ओळख करून देताना ते म्हणाले, "हे आमचे जावईबापू. पुण्याला असतात. फार हुशार."

गाडी पुढं मे महिन्यात घेतली. झुमा. तक्ता कुणी मागितला नाही. मामींनी तिन्ही गाड्यांची दारं एकदा लावून पाहिली आणि म्हणाल्या, हिचं दार चांगलं लागतंय. चालवायला विश्वजित आणि शर्मिला शिकले. शिकवायला मामा. शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "आता क्लच. नाही, उशीर केलास. पुन्हा." पंधरा दिवसांत शर्मिला हरिपूरच्या रस्त्यानं एकटी गाडी नेऊ लागली. मीही शिकायला बसलो असतो. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि मी विचारलं नाही.

माफी मात्र मी मागितली. एकदा समोर, एकदा फोनवर. समोर मागितली तेव्हा ते म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं," आणि मामींना चहा टाकायला सांगितलं. फोनवर मागितली तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुण्याला थंडी पडली का हो?"

यालाही आता बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आम्ही त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन चाललो होतो. तोवर कडेचंही फारसं उरलं नव्हतं. शर्मिला चालवत होती, मामा पुढं तिच्या शेजारी, मी मागं, फाईल मांडीवर घेऊन. विश्रामबाग ओलांडल्यावर मामा तिच्याकडं झुकून काहीतरी म्हणाले. शर्मिला हसली. ते पुन्हा काही म्हणाले, तशी ती इतकी हसली की तिला गाडीचा वेग कमी करावा लागला. मामाही हसत होते, खांदे हलवत, अगदी विश्वजितसारखे.

मी दोन सीटांच्या मधून पुढं वाकलो. "काय झालं? मलाही सांगा की."

मामांचं हसू थांबलं. त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली आणि अगदी आदरानं म्हणाले, "काही नाही, जावईबापू. ऊन फार आहे म्हणत होतो."